दुखरी टाच, आखडलेला खांदा, कुरकुरणारा गुडघा : पहिल्यांदाच दुखायला लागलंय त्यांच्यासाठी

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पळायचा झटका आला. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहिल्या आठवड्यात रोज दोन राउंड, दुसऱ्या आठवड्यात रोज सहा, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर उजव्या टाचेच्या वर, मागे जी जाड दोरीसारखी असते ना, तिथे अशी कळ आली की बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलो. दहा मिनिटं घरात फिरल्यावर मोकळं झालं. म्हणून परत पळायला गेलो. इथेच माती खाल्ली.

पुढचे चार महिने बाम, गरम पाणी, मिठाचं पाणी, शेजारच्या काकूंनी दिलेलं तेल, तीन आठवडे पूर्ण आराम, मग बरं वाटलं म्हणून पळालो, की परत दुखलं, असं चक्र चालू होतं. एका ठिकाणी तर पायाला हात लावायच्या आधीच इंजेक्शनची गोष्ट निघाली. शेवटी एक फिजिओ मॅडम भेटल्या, त्यांनी विचारलं, "दुखायला लागलं त्याच्या आधीच्या दोन आठवड्यात नवीन काय केलंत?" चार महिन्यात हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, मी स्वतःही नाही.

मी डॉक्टर नाही, अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहे. पण माझी टाच, मग आईचा गुडघा, बायकोचा खांदा, बहिणीचं मनगट असं एकेक करत घरातच ओपीडी झाली, त्यात जे शिकलो ते लिहितोय.

सगळ्यात आधी : हे असेल तर वाचत बसू नका

एकच सांधा अचानक सुजला, लाल झाला, हात लावला तर गरम लागतोय आणि सोबत ताप, तर सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, उद्या नाही. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील तर एक्सरे. आणि तोवर कोणाकडे "हाड बसवून" घ्यायला जायचं नाही, फ्रॅक्चर असेल तर चोळून वाट लागते. पळताना किंवा बॅडमिंटन खेळताना मागून कोणी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर कोणीच नाही, आणि आता पंजावर उभं राहता येत नाही, तर टाचेची शीर तुटलेली असू शकते. तीही त्याच दिवशी दाखवायची. वजन आपोआप उतरतंय, रोज संध्याकाळी कणकण, रात्री दुखण्याने झोपमोड, एखादा सांधा महिनोन् महिने हळूहळू सुजतोय, हेही घरी बघायचं काम नाही, आपल्याकडे सांध्याचा टीबीही असतो.

अजून एक. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, आणि हे अर्धा-एक तास तरी टिकतं, पेरं सुजलेली दिसतात, तर संधिवाताच्या डॉक्टरकडे लवकर जा. आमवाताला चांगली औषधं आहेत, पण सांधा खराब व्हायच्या आत सुरू झाली तरच त्यांचा पूर्ण उपयोग. (त्यातली मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची असेल तर डबी स्वतः बघा.) पायाचा अंगठा मध्यरात्री अचानक इतका ठणकायला लागला की चादरसुद्धा सहन होत नाही, तर बहुतेक गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचतात ते, आणि गंमत म्हणजे ऐन दुखण्यात युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. चिकनगुनिया होऊन गेला असेल तर सांधे पुढे कित्येक महिने दुखू शकतात, ते वेगळं, पण डॉक्टरला ते आवर्जून सांगा.

शीर म्हणजे नक्की काय

आपल्याकडे सगळ्यालाच शीर म्हणतात. शीर आखडली, शीर चढली, नस दबली. पण आतमध्ये वेगवेगळा माल आहे. स्नायूला हाडाशी बांधते ती टेंडन, पुस्तकात तिला कंडरा म्हणतात पण दवाखान्यात हा शब्द कोणी वापरताना मी ऐकला नाही. हाडाला हाड बांधतं ते लिगामेंट, पाय मुरगळतो तेव्हा ताणलं जातं ते हे. आणि मेंदूकडून येणारी वायर ती नर्व्ह, तिचं दुखणं वेगळंच असतं, मुंग्या येतात, बधिर होतं, करंट मारल्यासारखं होतं. कमरेपासून पायात करंट उतरत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

टेंडनचं दुखणं ओळखायला सोपं. एका बोटाने जागा दाखवता येते. काम सुरू करताना दुखतं, गरम झाल्यावर कमी होतं, आणि खरा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी चुकता होतो. सांध्याचं, म्हणजे झीज वगैरेचं, दुखणं पसरट असतं, "इथे कुठेतरी आत" असं हाताच्या तळव्याने दाखवतात, बसून उठताना आखडतं पण अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. टेंडन दुखते म्हणजे तिला सूज आलीय, म्हणून आराम आणि सूज उतरायची गोळी, असं आपण धरून चालतो. पण जुन्या दुखण्यात सूज हा मुख्य भाग नसतोच, आतल्या कोलाजेनच्या धाग्यांची घडी विस्कटलेली असते, कारण तिच्या ताकदीपेक्षा जास्त काम अचानक पडलं. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे दुरुस्तीही सरकारी वेगाने. आरामाने दुखणं थांबतं, पण ताकद आणखी उतरते, म्हणून परत कामाला लागलं की परत दुखतं. माझे चार महिने ह्यातच गेले.

मग उपाय काय, तर मोजून ओझं. डाळिंबवाले बहार धरायच्या आधी बागेला ताण देतात, किती दिवस पाणी तोडायचं त्याचा हिशोब असतो, कमी तोडलं तर फुटत नाही आणि जास्त तोडलं तर झाड जातं. टेंडनला पण तसाच हिशोबातला ताण लागतो.

ह्याची एक मजेशीर गोष्ट आहे. स्वीडनमध्ये हाकान आल्फ्रेडसन नावाचा ऑर्थोपेडिक सर्जन, त्याचीच टाचेची शीर दुखत होती, त्याला ऑपरेशन हवं होतं पण साहेबांनी नाही म्हटलं, तर ह्या पठ्ठ्याने ठरवलं की मग मुद्दाम इतकी दुखवतो की ऑपरेशन करावंच लागेल, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा खाली सोडायचा व्यायाम रोज जोरात सुरू केला. झालं उलटंच, दुखणं गेलं. १९९८ साली त्याने तोच व्यायाम १५ पळणाऱ्यांना १२ आठवडे करायला लावला आणि ते बरे होऊन परत पळायला लागले. दिवसाला १८० वेळा होतो तो व्यायाम. तुम्ही लगेच १८० करू नका, खाली सांगतो.

टाच : मी केलं ते, जसंच्या तसं

पहिले दोन आठवडे पळणं बंद, पण चालणं चालू. दुखणं शून्य ते दहा मोजायचं. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं कालच्यापेक्षा वाईट असतील तर काल जास्त झालं, आज कमी करा. हा सकाळचा हिशोब म्हणजेच तुमचा मीटर. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी रोजचा आकडा लिहायचो, बायको हसायची.

सुरुवातीला भिंत धरून दोन्ही पंजांवर उभं राहायचं आणि तसंच धरून ठेवायचं, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती. हलायचं नाही, नुसतं धरायचं. हे जमलं की दोन्ही पायांनी हळू वर, हळू खाली, वर जायला तीन सेकंद आणि खाली यायला तीन, असे १५ चे ३ सेट, एक दिवसाआड. भराभर करून काही उपयोग नाही, मी पहिल्यांदा दोन मिनिटात उरकून टाकले होते आणि मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही टाचांनी टाळ्या वाजवताय." मग एका पायावर. मग पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी, मग अजून. ओझं वाढलं की आकडा १५ वरून ८-१० वर आणायचा. दुखणं शीर टाचेच्या हाडाला चिकटते अगदी तिथेच असेल तर पायरीवरून टाच खाली सोडायची नाही, जमिनीवरच करायचं, कारण खाली सोडल्यावर शीर हाडावर दाबली जाते.

किती दिवस? तीन महिने धरून चला. महिन्याभरात फरक दिसतो पण तो "बरं झालो" असा फरक नसतो, आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात.

टाचेच्या खाली, तळव्याला दुखत असेल, सकाळचं पहिलं पाऊल खिळ्यावर पडल्यासारखं वाटत असेल, तर ते वेगळं, प्लान्टर फॅसायटिस. त्यालाही हाच पंजावर उभं राहायचा व्यायाम, फक्त बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणजे बोटं वर उचलली जातात. पलंगावरून उतरायच्या आधी बोटं हाताने वर ओढून तळवा ताणून घ्यायचा. आणि घरात मऊ चप्पल घाला हो. आपल्याकडे घरात चप्पल म्हटलं की आज्जीच्या भुवया वर जातात, पण टाइल्सवर दिवसभर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक जोड धुतलेली, फक्त घरात घालायची चप्पल हेच निम्मं औषध आहे.

कोपर आणि मनगट

निफाडचे माझे मामा द्राक्षवाले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी, दोन्ही वेळेला मजूर कमी पडले की ते स्वतः कात्री घेऊन बागेत, दिवसाला हजारो वेळा कात्री दाबायची. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, चहाचा कप उचलवेना. ह्याला टेनिस एल्बो म्हणतात. मामांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही, आणि तसं बघितलं तर हा आजार होणाऱ्या बहुतेकांनी धरलेली नसते. वर्कशॉपमध्ये स्क्रू ड्रायव्हर फिरवणारे, पीळ काढून कपडे वाळत घालणारे, दिवसभर माऊस धरणारे, सगळे ह्याचे गिऱ्हाईक.

हात टेबलावर ठेवायचा, पंजा कडेच्या बाहेर, तळवा खाली, हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली. मनगट वर न्यायला दुसऱ्या हाताची मदत, खाली सोडायचं मात्र एकट्याने, मोजत चार सेकंद. १० चे ३ सेट. जमलं की एक लिटरची बाटली. आणि दिवसभरात वस्तू उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवून उचला, पिशवीसुद्धा, दुखणं लगेच कमी जाणवतं. मामांच्या बाबतीत कात्रीला धार लावणं आणि दर अर्ध्या तासाने हात बदलून बांधणीचं काम करणं ह्याचा व्यायामाइतकाच फायदा झाला.

टेनिस एल्बोत स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा मोह होतो कारण पहिले काही आठवडे जादू झाल्यासारखं वाटतं. पण अभ्यासात वर्षभरानंतर बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली, दुखणं उलटून यायचं प्रमाण जास्त. टाचेच्या शिरेत तर नकोच, ती तुटू शकते. म्हणजे इंजेक्शन सगळीकडेच वाईट का, तर नाही. बहिणीला बाळंतपणानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं, बाळाला काखेत हात घालून उचललं की डोळ्यात पाणी. ह्याला डी क्वेर्वेन म्हणतात, नव्या आयांना फार होतं. तिला अंगठ्याचा पट्टा आणि एक इंजेक्शन एवढ्यात आराम पडला. बोट वळताना अडकून टक्‌कन सुटतं त्या ट्रिगर फिंगरलाही इंजेक्शन बऱ्यापैकी लागू पडतं. तेव्हा "इंजेक्शन घेऊ का" असं विचारू नका, "माझ्या ह्या जागेला, वर्षभरानंतरचं काय" असं विचारा.

खांदा

इथे घोटाळा फार होतो, म्हणून एक घरची टेस्ट. हात स्वतः वर जात नाही, ठीक आहे. आता दुसऱ्या कोणीतरी तो हळूच वर न्यायचा, आणि कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायचा. दुसऱ्याने नेल्यावर जातोय, तर सांधा मोकळा आहे, दुखणं टेंडनचं. दुसऱ्यालाही वळवता येत नाही, दाराला आतून कडी लावल्यासारखं अडतं, तर फ्रोझन शोल्डर.

बायकोचं दुसरं निघालं. केस बांधता येईनात, पाठीमागे हुक लावता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. चाळिशी ते साठीत होतं, आणि शुगरवाल्यांना जास्त, म्हणून खांदा आखडला की एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या. तिची शुगर बॉर्डरच्या पुढे निघाली, म्हणजे खांद्याने चुगली केली म्हणायचं. हे दुखणं एक ते तीन वर्षं चालतं, आधी नुसतं दुखतं, मग दुखणं कमी होऊन आखडतं, मग हळूहळू सुटतं. पहिल्या टप्प्यात जोर लावून कोणाकडून खेचून घेऊ नका, ह्या टप्प्यात डॉक्टर इंजेक्शन सुचवत असतील तर ते विचार करण्यासारखं आहे. टेबलावर हात ठेवून फडक्याने पुसल्यासारखा पुढे सरकवायचा, वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, लाटणं दोन्ही हातात आडवं धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलायचं. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं.

गुडघा

आईला सत्तरीला आलेले गुडघे, एक्सरेत "गॅप कमी झालाय" म्हणून सांगितलं आणि त्या दिवसापासून तिने चालणंच कमी केलं, की अजून झिजेल. हे अगदी उलटं आहे. सांधा म्हणजे गाडीचा टायर नाही. मांडीचा स्नायू जितका मजबूत तितका गुडघ्यावरचा भार तो उचलतो. एक्सरे वाईट आणि माणूस टणटणीत असंही असतं, एक्सरे चांगला आणि माणूस रडकुंडीला असंही. नुसता कटकट आवाज येतोय, दुखत नाही, सुजत नाही, तर सोडून द्या, वाजू दे.

खुर्चीतून हात न लावता उठायचं, हळू बसायचं. १० चे ३ सेट. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आडवं पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच सेकंद धरायचा. मग रोज चालणं, आई आता कृषीनगरच्या ट्रॅकवर जाते, तिथे तिचा ग्रुपच झालाय, व्यायाम किती होतो आणि गप्पा किती हे विचारू नये. वजन जास्त असेल तर उतरवाच, कारण अभ्यासात दिसलंय की एक किलो कमी केलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो. वणीच्या गडावर जायचं असेल तर चढताना पायऱ्या आणि उतरताना ट्रॉली, उतरण्याचा त्रास गुडघ्याला जास्त होतो, लोक नेमकं उलटं करतात.

गोळ्या, जेल, शेक

ताजी दुखापत असेल, दोन दिवसांच्या आतली, तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दुखणं कमी व्हायला. जुन्या आखडलेपणाला गरम शेक. दोन्हीने आतली दुरुस्ती होत नाही, बरं वाटतं एवढंच, आणि बरं वाटणं वाईट नाही.

हात आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकचं जेल आधी वापरा, ते रक्तात फार कमी जातं. पोटात घ्यायच्या पेनकिलर मात्र मेडिकलमधून मनाने आणून महिनोन् महिने नको, ॲसिडिटी, बीपी, किडनी तिन्ही ठिकाणी बिल फाटतं, त्यात वय साठच्या पुढे असेल तर आणखी. डायक्लोफिनॅकवरून आठवलं, गुराढोरांना हे औषध दिलं जायचं, ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या आणि गिधाडंच संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी खास उपाहारगृह आहे ते ह्याच रामायणातून. माणूस म्हणजे गिधाड नाही, आपल्याला इतक्यात काही होत नाही, पण किडनीचा विषय आहे एवढं लक्षात राहायला हरकत नाही.

बिनलेबलच्या पुड्या, "शंभर टक्के जडीबुटी", एका दिवसात गुण येतो म्हणतात त्या, त्यात स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. एका दिवसात गुण येतोय हाच संशय घ्यायचा मुद्दा.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स, जुलाबाला किंवा लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास देतात, त्यांनी टेंडन दुखावू शकते, क्वचित तुटतेही. अमेरिकेत २००८ पासून त्यांच्यावर ठळक इशारा छापलेला असतो. साठीच्या पुढे किंवा स्टेरॉईड चालू असताना धोका जास्त. कोर्स चालू असताना टाच दुखायला लागली तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरला फोन करा.

फिजिओकडे जाताना

एमआरआय आधी स्वतःहून काढू नका. पन्नाशीनंतर काही दुखत नसलेल्या माणसाच्याही खांद्यात "पार्शियल टेअर", म्हणजे टेंडन अर्धवट फाटलेली, दिसतो, तो शब्द वाचून झोप उडते आणि हाती काही लागत नाही. सिव्हिलला किंवा आडगावला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीची सोय आहे, सगळ्यांनी खाजगीतच जायला पाहिजे असं नाही. पंधरा दिवस नुसतं मशीन लावून झोपवून ठेवत असतील आणि घरी करायचा व्यायाम सांगत नसतील तर जागा बदला. सोबत तो कॅलेंडरवरचा आकडा घेऊन जा, मॅडमना तो माझ्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त आवडला.

परत पळायचं असेल तर एका पायावर सलग २० वेळा पंजा उचलता यायला हवा, आणि चार-पाच दिवस सकाळची पहिली पावलं मोकळी हवीत. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असे आठ-दहा फेरे, दिवसाआड. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांचंही हेच, वर्षभर लिफ्टने जाणारा माणूस एका रात्रीत वीस-एक किलोमीटर, तेही अनवाणी चालतो आणि मंगळवारी टाच धरून बसतो, त्यांनी आषाढ लागल्यापासून दर रविवारी दोन-दोन किलोमीटर वाढवत न्यावं. मी गेल्या वर्षी तसंच केलं, कॅलेंडरवर मंगळवारचा आकडा दोन होता, बुधवारी शून्य.